रांगोळीतली अंतराळबाई

ऑक्टोबरच्या उन्हात दारं-खिडक्या लावून, पंखे बंद करून आनंदाने बसणारी माणसं जगात आणखी कुठे असतील तर मला माहीत नाही. वसईजवळच्या आमच्या जूचंद्र गावात असतात. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की गावातली निम्मी माणसं गुडघ्यांवर येतात. शाळेचा हॉल, समाजमंदिर, कुणाची बांधून झालेली पण अजून राहायला न गेलेली खोली, जिथे सपाट जमीन मिळेल तिथे रांगोळीची चित्रं सुरू होतात. ठिपक्यांची नव्हेत, मोर-कमळांचीही नव्हेत. हुबेहूब माणसं. गालावरची सुरकुती, चष्म्याच्या काचेवर पडलेलं ऊन, ओठाच्या कोपऱ्यातला ओलावा, सगळं नुसत्या भुकटीतून. पंख्याची एक झुळूक आली तर तीन दिवसांची मेहनत नाकासकट उडून जाते, म्हणून पंखे बंद. बघायला येणारेही तोंडाला रुमाल लावून येतात आणि शिंक आली तर आधी दाराबाहेर पळतात.

मी मूळची चिपळूणकडची. लग्न करून नायगाव पूर्वेच्या फ्लॅटमध्ये आले आणि या गावातल्या शाळेत ग्रंथपाल झाले. ग्रंथपाल म्हटलं की उगाच भारदस्त वाटतं. चार लोखंडी कपाटं, एक लांब टेबल आणि किल्ल्यांचा जुडगा, एवढाच तो कारभार. त्या जुडग्यात हॉलचीही किल्ली असते, म्हणून दरवर्षी या दिवसांत माझी सुट्टी निम्मी शाळेतच जाते. घरचे कुरकुर करतात. मीही करते, पण जाते.

यंदाही तेच झालं. परवा शाळेत येताना चांदीपच्या बाजूने पेंढ्याने भरलेला टेम्पो आला आणि रस्ताभर नव्या भाताचा वास सांडत गेला. हॉलपाशी आल्यावर बघितलं तर शिपाई हॉलच्या पंख्यांची बटणं चिकटपट्टीने बंद करत होता, कुणी चुकून लावू नयेत म्हणून. अंगाला दरदरून घाम सुटला आणि मला आमच्या शाळेतल्या विधी नावाच्या मुलीचा तो ऑक्टोबर आठवला. दहा-अकरा वर्षं झाली असतील. या वर्षांत गावाभोवतीची मिठागरं बुजत चालली, जिथे पाणी आरशासारखं पडून असे तिथे वीस-वीस मजले उभे राहिले, माझे केस पांढरे झाले. पण हा घामाचा, पेंढ्याचा आणि कोरड्या रंगाचा वास आला की मध्ये काही घडलंच नाही असं वाटतं.

आमच्या शाळेत हा महिना एकटा येत नाही. सहामाही परीक्षा, मैदानी स्पर्धा आणि रांगोळी, तिघी एकदमच दारात उभ्या. मुलं सकाळी भूगोलाचा पेपर देतात, दुपारी उड्या मारतात आणि संध्याकाळी वडिलांच्या हाताखाली रंग चाळतात. उत्तरपत्रिकांवर गुलाबी-निळे अंगठे उमटलेले असतात. आमच्या गणिताच्या बाई दरवर्षी चिडतात आणि दरवर्षी स्वतःच्या दारात काढायला त्याच मुलांकडून रंग मागून नेतात.

त्या वर्षी जूनमध्ये कुणा देणगीदाराने शाळेला पुस्तकांचं खोकं पाठवलं होतं. अशा खोक्यांतून बहुतेक वेळा पाककृती आणि राशिभविष्य निघतं, त्यामुळे मी ते महिनाभर उघडलंच नाही. उघडलं तेव्हा वरच एकाच लेखिकेची तीन मराठी भाषांतरं होती. एक अंतराळावर, एक मुलांच्या खेळांवर आणि एक समाजावर. तिन्हीच्या मागे तिचा एकच फोटो. यानाच्या छोट्या खिडकीपाशी ती हसते आहे आणि डोक्यावरचे केस चारी बाजूंनी उभे, कापसाचं बोंड फुटावं तसे. तिचं नाव इतकं अवघड होतं की मुलांनी पहिल्याच आठवड्यात तिला ‘अंतराळबाई’ करून टाकलं, आणि मग मीही तेच म्हणू लागले.

कुठल्याशा थंड देशातल्या लहान बंदरावर वाढलेली ही मुलगी. वडील मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. ही लांब पल्ल्याचं पळायची. पुढे शिकली, वैमानिक झाली आणि आपल्या देशातून अंतराळात गेलेली पहिली बाई ठरली. परत आल्यावर तिला काय विचारलं असेल लोकांनी, तर वर स्वयंपाक कोण करत होतं, आणि घरची आठवण येऊन रडलात का. मी असते तर एकेकाला फाडून खाल्लं असतं. तिने मात्र शांतपणे सांगितलं की वर पाण्याचा थेंब खाली पडत नाही, डोळ्यातलं पाणीसुद्धा डोळ्यालाच चिकटून राहतं, त्यामुळे रडणं फार गैरसोयीचं असतं. ‘पहिली’ म्हणवून घ्यायला तिला आवडत नसे. पहिलीला लोक जत्रेतल्या दोन डोक्यांच्या वासरासारखं बघतात, असं काहीसं तिने लिहिलंय. तिच्या देशातून दुसरी गेली, तिसरी गेली, तेव्हा कुठे तिला शांत झोप लागली म्हणे.

मला ती इथेच आवडली. आणि त्याहून आवडलं ते तिने नंतर केलेलं काम. ती शाळाशाळांतून हिंडली, पण व्याख्यान द्यायच्या आधी मैदान दाखवा म्हणायची. मैदानात कोण खेळतंय हे ती बघत नसे, कडेला पायऱ्यांवर कोण बसलंय ते बघायची आणि त्यांच्यात जाऊन बसायची. तिथे बहुतेक वेळा तेरा-चौदा वर्षांच्या मुली असत. तू कधी खेळत होतीस का, असं ती विचारायची, आणि जवळजवळ प्रत्येकीचं उत्तर ‘आधी खेळायचे’ असं यायचं. खेळांवरचं पुस्तक या ‘आधी’वरच आहे. मुलीला मैदानातून हाकलत कुणीच नाही, असं ती म्हणते. घरचे मायेनेच एकेक दार लोटत जातात, आणि शेवटचं दार मुलगी स्वतःच लावून घेते.

मी सातवीपर्यंत खो-खो खेळत होते. खांबाशी वळताना मला कुणाच्या बापाला धरता आलं नसतं. आठवीत खेळ सुटला. कुणी नको म्हटलं नाही. एका जूनला मी मैदानावर गेले नाही आणि का आली नाहीस असं विचारायला कुणी आलं नाही, एवढंच. पुढे तीस वर्षं मी अभ्यास वाढला म्हणून सोडलं असं सांगत आले. एका दुपारी रिकाम्या वाचनालयात ते पुस्तक वाचताना मला हे सांगणं खोटं असल्याचं कळलं, आणि आधी त्या बाईचा रागच आला. ओळख ना पाळख, आणि आमच्या घरात नाक खुपसते. मग बराच वेळ रडू आलं. माझं पाणी मात्र सरळ खाली टेबलावर पडलं.

विधी भोईर तेव्हा नववीत होती. काटकुळी, कमी बोलणारी. आमचे पी.टी.चे लोपीस सर तिला मिठागरांच्या बांधावरून पळवत. त्या बांधावर पाय घसरला तर एका बाजूला चिखल आणि दुसऱ्या बाजूला पाणी, त्यामुळे पोरीचं पाऊल फार नेमकं पडायचं. तेच नेमकेपण तिच्या हातात होतं. तिचे वडील, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, वसई पूर्वेच्या एका कारखान्यात फिटर होते आणि रांगोळीतलं मोठं नाव. नानांनी काढलेल्या डोळ्यांना पापण्या मिटता येतील असं लोक म्हणत. विधी सहावीपासून त्यांच्या हाताखाली होती. अंतराळाचं पुस्तक तिने इतक्या वेळा नेलं की शेवटी मी नोंद करायचंच सोडून दिलं.

सप्टेंबरच्या शेवटी ती पुस्तक परत करायला आली आणि उभीच राहिली.

“मॅडम, दिवाळीनंतर माझं रनिंग बंद होणारे.”

“कोण म्हणालं?”

“पप्पा. ओरडले वगैरे नाहीत. आता बास म्हणाले.”

दिवाळीची सुट्टी संपता संपता पालघरला जिल्ह्याची निवड चाचणी होती. लोपीस सर तिला वर्षभर त्याचसाठी पळवत होते. तीसुद्धा नाहीच का, असं मी विचारलं, तर तिने नुसती मान हलवली आणि टेबलावरचं पुस्तक दोन्ही हातांनी सरळ करत राहिली.

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. त्याच संध्याकाळी मी नानांच्या घरी भांडायला गेले आणि सपशेल तोंडघशी पडले. कारण भांडायला समोर कुणी हवं ना. नानांनी खुर्ची पुसून दिली, चहा आला, वर बेसनाचा लाडू आला. माझं सगळं भाषण त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

“तुमचं खोटं नाय, मॅडम,” ते म्हणाले. “पन माझं गुडघं गेलं. या डाव्या डोल्यानं आता बारीक दिसत नाय. हिचा हात माझ्याहून चांगला हाय, हे मी कुनाला बोललो नाय, तुमाला बोलतो. तो हात एका जागी बसला तंच टिकनार. ही पालघरला धावंल, मंग ठान्याला धावंल, रांगोलीला कधी बसंल?”

विधीची आई दारात उभी होती. “आनि उनात करपते ती वेगली,” ती म्हणाली. “परगावी र्‍हायाचं, कोन कुठलं असतं सोबत. आता लान नाय ती.”

माणूस वाईट असला की बरं असतं, त्याच्याशी भांडता येतं. यांना काय सांगणार होते मी? लाडू खाऊन घरी आले.

आता त्या वर्षीचं चित्र. कुणाचं काढायचं हे नाना नेहमी विधीला विचारत, कारण तिला फोटोतला उजेड कळायचा. तिने अंतराळाचं पुस्तक पालथं करून त्यांच्यापुढे धरलं. मी तिथेच होते.

“ही कोन?”

“अंतराळात गेलेली बाई.”

“आपल्याकरची?”

“नाही.”

“मंग लोकं ओलखनार कशी?”

प्रश्न अगदी बिनतोड होता. रांगोळी बघणारा आधी हे कोण ते ओळखतो आणि मग ‘अगदी तस्सेच’ म्हणतो. म्हणून गावात देव, संत, पुढारी नाहीतर सिनेमातली माणसं निघतात. न पाहिलेल्या बाईला ‘तस्सेच’ कोण म्हणणार? पण नानांनी फोटो उजेडात नेला, उजव्या डोळ्याजवळ धरला आणि बराच वेळ बघत राहिले. “डोलं बरं हायेत,” म्हणाले. आणि ठरलं.

नानांची एक पद्धत होती. ज्याचा चेहरा काढायचा त्याचं बोलणं काम करताना कानावर पडलं पाहिजे. संत काढताना शेजारचे एक बुवा बाजूला बसून अभंग म्हणत, पुढारी काढताना कुणीतरी त्याची भाषणं वाचून दाखवी. तोंड नुसतं बघून निघत नाही, माणूस काय बोलतो ते कळलं तर ओठ नीट मिटतात, असं त्यांचं म्हणणं. मी किल्ल्या घेऊन बसलेलीच होते. “मॅडम, बसल्याच हाव तं वाचा,” नाना म्हणाले.

मीही काही साधी नाही. पहिल्या दिवशी अंतराळाचं पुस्तक वाचलं आणि दुसऱ्या दिवशी न विचारता खेळांचं उघडलं.

त्या दुपारी माझ्या डोळ्यांसमोर अजून जशाच्या तशा आहेत. बंद हॉलमध्ये भट्टीसारखं उकडतंय. नानांच्या कपाळाला पंचा गुंडाळलेला, घामाचा थेंब चित्रावर पडू नये म्हणून. पांढऱ्या रांगोळीत चिमूटभर तपकिरी, किंचित पिवळा मिसळून कातडीच्या रंगाच्या वीस-पंचवीस वाट्या ओळीने मांडलेल्या. नाना वरून खाली काम करत मागे मागे सरकतात, झालेल्या भागावर परत पाय पडू नये म्हणून. केस मात्र ते सगळ्यांत शेवटी घेत, चित्रावरून आडव्या टाकलेल्या लांब, उंच पाटावर बसून. विधी अंतराळपोशाखाचा पांढरा भरतेय. पांढऱ्यात किती पांढरे असतात ते मला तेव्हा कळलं. आणि मी वाचतेय, घसा कोरडा पडला की थांबतेय, पुन्हा वाचतेय. माझ्या आवाजाशिवाय ऐकू येतो तो फक्त चिमटीतून सुटणाऱ्या भुकटीचा, तोही कान दिला तरच.

‘आधी खेळायचे’वाल्या मुलींचं प्रकरण मी मुद्दाम सावकाश वाचलं. नानांचा हात थांबला नाही. बाईच्या डाव्या डोळ्याखालची सावली ते भरत होते.

“हिच्या बापानं काय केलं?” त्यांनी मध्येच विचारलं.

मी पानं चाळून शोधून काढलं. बापाला पळण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो शर्यतीला यायचा आणि कितीतरी वेळा भलत्याच मुलीला धीर देऊन जायचा, कारण लांबून त्याला सगळ्या सारख्याच दिसत. हे ऐकून नाना इतके हसले की त्यांना हात वर उचलून धरावा लागला. मग म्हणाले, “पन यायचा.” आणि पुन्हा खाली वाकले.

तिसऱ्या दिवशी केस आले. दुपारी जेवायच्या आत नानांनी ते उरकले. मी पुस्तकातून नजर वर करून बघते तो काय, अंतराळबाईचे केस चापूनचोपून मागे नेलेले, मानेवर नीटस अंबाडा. फक्त गजरा माळायचा राहिला होता. फोटोत बोंडासारखे फुटलेले केस आणि जमिनीवर हे. मला हसावं की काय करावं कळेना.

“नाना, फोटोत असे नाहीत.”

“फोटो काढतानी इस्कटलं असतील. दिवाली हाय, मॅडम. केस मोकलं सोरलेली बाई काढायची नाय. दिव्याच्या टायमाला कोन तसं बसतं का?”

एवढं बोलून ते जेवले आणि हॉलबाहेरच्या ओट्यावर आडवे झाले. वडिलांचा डोळा लागल्यावर विधी उठली, मऊ ब्रश आणि पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन पाटावर गेली, आणि तो अंबाडा तिने उचलायला सुरुवात केली. रांगोळी पुसायची नसते, पुसली की फरशीवर डाग राहतो. ती कडेकडेने पुठ्ठ्यावर घ्यायची असते. मी तिला थांबवायला हवं होतं. नानांच्या चित्राला त्यांच्या माघारी हात लावायची गावात कुणाची छाती नव्हती. तरी मी पुस्तक मिटून नुसती बघत राहिले. तासाभरात एकेक बट वर उठली. कपाळापासून, कानामागून, सगळीकडून.

नाना उठून दारात आले. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. मग स्टूल ओढून, गुडघ्यावर हात दाबत वर चढले, कारण पूर्ण चित्र वरूनच दिसतं.

“वारा कुठनं येतोय हिला?” त्यांनी विचारलं.

“वारा नाही पप्पा. तिथे कशालाच वजन नसतं. केस खाली पडतच नाहीत.”

नानांनी खिशातून चिमूटभर रांगोळी काढली. त्यांच्या खिशात ती कायम असायची. स्टुलावरून त्यांनी ती हळूच बाजूला सोडली आणि ती फरशीवर पडताना बघितली.

“म्हंजे ही बी पडनार नाय?”

“नाही. तशीच हवेत राहील.”

“मंग तिथं आपलं काय काम नाय,” नाना म्हणाले, इतक्या गंभीरपणे की आम्हा दोघींना हसू आलं. पण विधी लगेच हसायची थांबली.

“ती तिथेपण पळायची, पप्पा. रोज. पट्ट्याने स्वतःला खाली बांधून घ्यायची आणि पळायची. नाही पळालं तर वर हाडं झिजतात. मॅडमनी ते पान वाचलं नाही.”

खरंच नव्हतं वाचलं. त्या पानावर नुसती यंत्राची माहिती आहे असं समजून मी ते गाळलं होतं.

“रांगोळी मी सोडणार नाहीये,” विधी म्हणाली. “कधीच नाही. पण रनिंग सोडायला लावू नका.”

नाना उतरले. पाटावर आले, तिच्या हातातून ब्रश घेतला आणि तिने काढलेल्या एका बटेवर वाकले. मला वाटलं, गेले केस. पण ते म्हणाले, “केस असं नाय निघत. मुलाशी जाड, शेंड्याला बारीक. बग.” आणि बापलेकी शेजारी शेजारी बसून ते उभे केस नीट करत राहिले. कानाजवळची शेवटची बट सोडताना नाना मान वर न करता म्हणाले, “जाऊन ये पालघरला. एकदाच. मंग बास.”

प्रदर्शनात अंतराळबाईला कुणीही ओळखलं नाही. निर्मळ गावाहून केळीच्या वाडीतल्या काही बायका आल्या होत्या. त्यांतल्या एकीने बाई छान आहे पण केस विंचरायला वेळ मिळालेला दिसत नाही, असं मला सांगितलं. बक्षीसही मिळालं नाही. पण नाना चारही दिवस चित्राशी उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला खिशातली चिमूट सोडून दाखवत अंतराळात ती का पडणार नाही ते समजावत राहिले. दर वेळी कारण थोडं वेगळं असायचं. एकाला त्यांनी सांगितलं की वर देवाची जागा असल्याने तिथे कुणाला खाली बघायची गरज पडत नाही. मी दुरुस्त केलं नाही.

विधी काही देशासाठी धावली नाही, हे इथेच सांगून टाकते. अशा लेखांत शेवटी पदक असतं, इथे नाही. आणि तरी मला पालघरची ती शर्यत कुठल्याही पदकाहून जास्त वेळा आठवते. अंतराळबाईचं तिसरं, समाजावरचं पुस्तक आता माझ्या टेबलावर आहे, शिवण उसवलेलं. मूल वाढवायला आईबाप पुरत नाहीत, कडेला उभी राहणारी माणसं लागतात, असं त्यात आहे. तिने हे शिकण्यासाठी पृथ्वीबाहेर जाऊन यावं आणि मी ते जूचंद्रच्या हॉलमध्ये घाम पुसत वाचावं, याचं मला अजून नवल वाटतं. आजही शाळा सुटल्यावर मी मैदानाच्या पायऱ्यांवर जाऊन बसते. कुणी बसलेली दिसली की अंतराळबाईचा तोच प्रश्न विचारते. मुली मला थोडी चक्रम समजतात, चालायचंच.

पालघरच्या मैदानावर आम्ही चौघं होतो. लोपीस सर, विधी, मी आणि नाना. नानांना येऊ नका म्हटलं होतं, दगडी पायऱ्या चढवत नाहीत म्हणून, तर सकाळी सगळ्यांच्या आधी जीपमध्ये जाऊन बसलेले. तीन हजार मीटर, साडेसात फेऱ्या, पहिल्या तिघींची निवड. आमची पोर पाच फेऱ्या चौथी होती, सहाव्या फेरीला तिसरी झाली. लोपीस सर कुंपणाच्या आतून तिच्याबरोबर धावायला लागले आणि एका पंचाने त्यांना बाहेर काढलं. शेवटच्या फेरीत, समोरच्या बाजूला, जव्हारकडच्या दोन मुली अनवाणी तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेल्या. विधी पाचवी आली.

ती रेषेपलीकडे गवतावर बसली. रडत नव्हती. बूट काढून मांडीवर घेतले आणि त्यांच्या नाड्या सोडवत बसली. मला तिच्याकडे जाववेना. ‘एकदाच’ म्हणजे काय ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. लोपीस सर पाठमोरे उभे राहिले होते.

नाना उठले. एकेक पायरी कठड्याला धरून उतरले आणि मैदान ओलांडून तिच्याकडे गेले. किती वेळ लागला त्यांना. तिच्यापाशी जाऊन ते बसले. तो गुडघा वाकवताना काय होत असेल ते त्यांच्या तोंडावर दिसलं. मी जवळ पोचले तेव्हा नाना तिच्या पायाला लागलेली माती अंगठ्याने पुसत होते, फार सावकाश, आणि तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

“मॅडम,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “पुढल्या वर्साला ही शर्यत कवा असते, ते आताच इचारून ठेवा. रांगोली मी त्या हिशेबानं लान काढीन.”